पोस्टफिक्सच्या मेन.सीएफमध्ये या चुका टाळा

एका # ने मेल सर्व्हरचं दार उघडतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. पोस्टफिक्स हा मेल पाठवणारा-घेणारा सर्व्हर प्रोग्राम आणि मेन.सीएफ ही त्याची मुख्य सेटिंग फाइल. तिच्यात ‘मायनेटवर्क्स’ (भरवशाच्या पत्त्यांची यादी) होतं, त्यात फक्त 127.0.0.0/8, म्हणजे सर्व्हर स्वतःच. त्याच्या खाली कनेक्शनच्या मर्यादेतून सूट देणारी यादी: पहिल्या ओळीत पॅरामीटरचं नाव, पुढच्या ओळीत स्पेस सोडून 10.20.0.0/16. सूट नको झाली, म्हणून मी नावाच्या ओळीपुढे # लावून ती कॉमेंट केली (कॉमेंट म्हणजे पोस्टफिक्स न वाचणारी ओळ) आणि रीलोड मारला. एरर नाही, वॉर्निंग नाही.

पोस्टफिक्सच्या लेखी स्पेसने सुरू होणारी ओळ म्हणजे आधीच्या पॅरामीटरचाच पुढचा भाग, आणि मधली कॉमेंट तो जमेस धरतच नाही. म्हणजे ती रेंज सरळ ‘मायनेटवर्क्स’ला जाऊन चिकटली. 65,536 पत्त्यांना पासवर्डशिवाय रिलेची, म्हणजे माझ्या सर्व्हरमार्फत बाहेर मेल पाठवायची मुभा! ‘पोस्टकॉन्फ -एन’ (मेन.सीएफमधल्या सेटिंग्ज पोस्टफिक्सने कशा वाचल्या ते दाखवणारी कमांड) चालवल्यावर दोन्ही रेंज एका ओळीत शेजारी दिसल्या, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून बदलाच्या आधी आणि नंतर या कमांडचं आउटपुट फाइलमध्ये घेतो आणि डिफ, म्हणजे दोन्हींतला फरक, बघतो. जेवढं बदलायचं होतं तेवढंच बदललेलं दिसलं पाहिजे.

ओळीच्या शेवटी कॉमेंट लिहायची सवय इथे नडते. ‘रिलेहोस्ट’च्या (बाहेरची मेल ज्या सर्व्हरकडे सोपवायची त्याच्या नावाच्या) पुढे ‘# तात्पुरतं’ लिहिलंत, तर ‘तात्पुरतं’सुद्धा व्हॅल्यूतच गेलं. कॉमेंटला वेगळी ओळ द्या. इंटरनेटवरून उचललेला तुकडा फाइलच्या तळाशी डकवू नका. एकच पॅरामीटर दोनदा आला तर शेवटचा लागू होतो आणि वरचा तुम्ही तासभर उगाच बदलत बसता. डोमेनचं नाव दहा ठिकाणी टंकण्यापेक्षा ‘मायडोमेन’मध्ये एकदाच लिहा आणि बाकी ठिकाणी $मायडोमेन वापरा.

‘व्हर्च्युअल’ फाइल (कुठल्या पत्त्याची मेल कुठे वळवायची ती यादी) बदलली, पण मेल जुन्याच पत्त्यावर जातेय? हॅश प्रकारच्या टेबलवर ‘पोस्टमॅप’ (यादीपासून पोस्टफिक्स वाचतो ती इंडेक्स फाइल बनवणारी कमांड) चालवायचं राहिलंय. मग ‘पोस्टमॅप -क्यू’ने एखादा पत्ता विचारून बघा.

सगळं गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवा, पासवर्डची फाइल सोडून. कमिट मेसेजमध्ये, म्हणजे त्या नोंदीत, नुसतं ‘बदल केला’ असं लिहिणाऱ्याला मात्र चहा पाजायला लावा.

टेस्टिंगपुरतं ‘सॉफ्ट_बाउन्स = यस’ ठेवलं की कायमचा नकार तात्पुरता होतो आणि चूक झाली तरी मेल परत जात नाही. काम झाल्यावर ते काढा. राहून गेलं, तर नसलेल्या पत्त्यावरच्या मेलसाठीही पाठवणारा सर्व्हर पुन्हापुन्हा दार ठोठावतो. समोरही पोस्टफिक्स असेल तर डीफॉल्ट पाच दिवस.