रोबोटिक गुडघाबदल: आधी काय विचारायचं, नंतर काय करायचं

‘रोबोटिक’ ऐकलं की यंत्रच ऑपरेशन करतं असं वाटतं. बहुतेक यंत्रणांत करवत सर्जनच धरतो. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना रोवून त्यांवर ट्रॅकर (हाडाची जागा यंत्राला दाखवणाऱ्या खुणा) बसवतात, हाडाचे बिंदू टिपून त्याचा नकाशा संगणकाला देतात. काही यंत्रणांत त्यासाठी आधी सीटी स्कॅन लागतो. करवत ठरलेल्या हद्दीबाहेर जाऊ लागली की यंत्र अडवतं. काप नेमका बसतो, हे खरं. पण काही वर्षांनंतर दुखणं आणि चालणं यांत नेहमीच्या ऑपरेशनपेक्षा ठळक फरक दिसलेला नाही. ट्रॅकर हलला तर नकाशा आणि हाड यांचा मेळ तुटतो आणि काप चुकतो. पिनांच्या भोकाशी क्वचित हाडही मोडतं.

म्हणून सर्जनला विचारा: या यंत्रावर किती ऑपरेशनं केलीत? मध्येच यंत्र बंद पडलं तर हाताने पूर्ण कराल ना? आणि अर्धा गुडघा बदलून भागेल का? झीज गुडघ्याच्या एकाच कप्प्यात (भागात) असेल आणि लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारे बंध, शाबूत असतील तर भागतं. माणूस लवकर सावरतो, मात्र पुढे पुन्हा ऑपरेशनची शक्यता जास्त.

मधुमेह असेल तर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) साधारण ८ टक्क्यांच्या खाली आणा. सिगारेट किमान ४ आठवडे आधी बंद. किडलेला दात, पायावरची जखम आधी बरी करा.

ऑपरेशननंतरच्या दुखण्यासाठी हल्ली मांडीत मज्जातंतूभोवती भूल देतात. वेदना दबते, स्नायूंची ताकद बरीचशी राहते, त्यामुळे बरेचजण त्याच दिवशी चालतात. तरी पाय अचानक दुमडू शकतो. वॉकर आणि सोबत हवीच.

सगळ्यात जास्त चूक होते ती उशीची. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, पण सांधा वाकलेलाच आखडतो. गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या. मांडी आवळून गुडघ्याची मागची बाजू गादीकडे दाबा, ५ सेकंद धरा. असं १० वेळा, दिवसातून ३-४ दा. गुडघा पूर्ण सरळ व्हायलाच हवा. वाकणं दोन आठवड्यांत ९० अंशांच्या आसपास यावं. सहा आठवड्यांनीही तिथे पोचला नाही तर सर्जनला गाठा, कारण भूल देऊन सांधा मोकळा करायचा तर पहिले तीन महिने सोयीचे.

पोटरी सुजून दुखली किंवा धाप लागली तर लगेच हॉस्पिटल. जखम पाझरू लागली तर घरच्या घरी अँटिबायोटिक घेऊ नका. सांध्यातल्या पाण्याच्या तपासणीत मग जंतू बरेचदा सापडत नाहीत.