जुनी स्प्लेंडर घेताना

गाडी बघायला सकाळी लवकर जातो आणि आधीच बजावतो, 'सुरू करून ठेवू नका.' पोचल्यावर पहिला हात इंजिनवर. गरम लागलं तर मी चहा पिऊन थांबतो, थंड होऊ देतो. थंड इंजिन किती किकांत उठतं, यातच निम्मा व्यवहार ठरतो. सायलेन्सरमधून निळसर धूर सतत येत असेल तर ऑइल जळतंय. इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत, त्या दुरुस्तीचे पैसे भावातून कापायचे. रंग, स्टिकर यांना भुलू नका, ते दोन दिवसांत होतं.

चासी नंबर स्वतः आरसी बुकाशी ताडा. १५ वर्षं उलटली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण झालंय का बघा. ते ५ वर्षांसाठीच मिळतं. गाडी नावावर करण्याच्या आरटीओच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देत नाही, सख्ख्या मेव्हण्यालाही दिले नव्हते.

घरी आणल्यावर आधी ऑइल बदला, मागच्या मालकाने काहीही सांगितलेलं असो. चेनला साधारण इंचभर ढील हवी. पावसाळ्यात दर आठवड्याला चेन पुसून ऑइल द्या. आणि धुताना पाण्याचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर मारू नका.