भेटकार्डाचा हातकागद बिघडतो कुठे? या चुका टाळा

संक्रांत जवळ आली की आमच्या घरी कागदाचा टब बाहेर निघतो. तिळगुळाची भेटकार्डं पोस्टानं पाठवायची पद्धत आता विरळ झाली आहे. छोटंसं कार्ड आणि त्याच्या पोटात हलव्याची चिमुकली पुडी, एवढंच ते असायचं. मला ते फार आवडतं, म्हणून ही कार्डं मी मुलांच्या जुन्या वह्यांपासून स्वतः करते. पहिल्या वर्षी चाळीस ताव काढले, त्यातले कामाचे निघाले अकरा. काही जाळीवरून निघतानाच फाटले, काही वाळताना पापडासारखे वाकले, आणि जे सरळ राहिले त्यांच्यावर पेन टेकवताच शाई पसरली. कागद करणं हे आपलं काम नव्हे, असं तेव्हा वाटलं होतं. दोन-तीन वर्षं करत राहिल्यावर लक्षात आलं की चुकत होतं ते पाणी.

कागदात तंतूंना धरून ठेवायला गोंद नसतो. भिजलेले तंतू पाणी निघून जाताना एकमेकांना बिलगतात, आणि त्या बिलगण्यालाच आपण कागद म्हणतो. म्हणून ताव बिघडला की आधी विचारायचं: पाणी कमी होतं की जास्त, आणि ते किती घाईनं काढलं?

रद्दी कुठली घेता?

घरात सगळ्यात जास्त साठतं ते वर्तमानपत्र, म्हणून पहिला लगदा बहुतेक जण त्याचाच करतात. कार्डासाठी ते घेऊ नका. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, त्यामुळे तो उन्हात काही दिवसांतच पिवळा पडतो. छपाईच्या शाईनं लगदाही राखाडी होतो. अंड्यांचे ट्रे पटकन विरघळतात, पण त्यांचे तंतू इतके आखूड असतात की घडी घातली की कार्ड कण्यावर तुटतं.

सगळ्यात चांगल्या शाळेच्या वह्या, उत्तरपत्रिका आणि ऑफिसातले एका बाजूनं छापलेले कागद. एक गोष्ट मात्र आवर्जून करा: लगद्यात साधारण चौथा हिस्सा खाकी पाकिटं किंवा खाकी पिशव्या घाला. खाकी कागदाचे तंतू लांब आणि चिवट असतात. कागद एकदा वाळून पुन्हा भिजवला की त्याचे तंतू दर वेळी थोडे आखडतात, बिलगण्याची ताकद घटते. ती तूट खाकी भरून काढतो. रंग थोडा बदामी येतो, पण तिळगुळाच्या कार्डाला तो शोभतोच.

लग्नपत्रिकांचा मोह सगळ्यांना होतो. जाड असतात, सुंदर असतात, फेकवत नाहीत. पण चकाकी आणणारा प्लॅस्टिकचा थर असेल तर त्यात पाणी शिरत नाही आणि लगद्यात न विरघळणारे तुकडे तरंगत राहतात. कोपरा फाडून पाहा; कडेला पातळ पापुद्रा ताणला गेला तर ती पत्रिका बाजूला ठेवा. दुकानातल्या चकचकीत, उष्णतेनं छापलेल्या पावत्या तर कधीच घालू नका. त्यांच्यावर रसायनांचा लेप असतो आणि मुलांचे हात त्याच लगद्यात असतात. वह्यांच्या पिना काढून टाका आणि पाठीचा चिकटवलेला भाग कापून टाका. तो गोंद नंतर तावात चिकट ठिपके होऊन उमटतो.

किती रद्दी लागते याचा अंदाज बहुधा चुकतो. छपाईचा साधा ए-फोर कागद पाच ग्रॅमपेक्षा थोडा हलका असतो. कार्डाला शोभेल असा जाड ताव त्याच मापाचा करायचा तर जवळजवळ तीन कागद एका तावात जातात. वीस कार्डांसाठी पन्नास-साठ कागद धरून चला.

मिक्सरला घाई नको

कागद बोटभर तुकडे करून निदान रात्रभर भिजवा, खाकी असेल तर चोवीस तास. अर्धवट भिजलेले तुकडे मिक्सरमध्ये कापले जातात, सुटे होत नाहीत. तंतू मोकळे व्हायला हवेत, त्यांचे तुकडे पडायला नकोत. मूठभर भिजलेला कागद आणि पाऊण भांडं पाणी, मग थांबून थांबून फिरवायचं, एकूण अर्धा मिनिट. लगदा मिक्सरमध्ये जास्त वेळ वाटला गेला तर ताव गुळगुळीत दिसतो, पण बिस्किटासारखा मोडतो. तपासायचं असेल तर चमचाभर लगदा काचेच्या ग्लासभर पाण्यात ढवळून उजेडासमोर धरा. ढगासारखा सारखा पसरला तर झालं. अक्षरांचे तुकडे दिसले तर आणखी दहा सेकंद.

सुती कापडाचा कागद उत्तम होतो हे खरं, पण जुन्या साडीचे तुकडे घरच्या मिक्सरमध्ये घालू नका. दोरे पात्याला गुंडाळतात आणि मोटर जळते. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था सुती कात्रणांपासून कागद करते, पण त्यासाठी मोठी कुटाई यंत्रं लागतात. मिक्सरही कागदासाठी वेगळा ठेवा. ज्या भांड्यात शाईचा कागद वाटला त्यात पुन्हा चटणी नको.

टब आणि जाळी

टबभर पाण्यात लगदा सोडायचा आणि साच्यानं, म्हणजे जाळी ताणलेल्या लाकडी चौकटीनं, त्यातून ताव उचलायचा. सगळ्यात जास्त ताव इथे बिघडतात, म्हणून इथे सावकाश चला.

*ताव एका बाजूला जाड, एका बाजूला पारदर्शक.* लगदा तळाशी बसलेला होता. प्रत्येक तावाआधी हातानं तळापासून ढवळा, लगेच साचा उभा धरून पाण्यात घाला, आत आडवा करा आणि सरळ वर उचला. उचलताना एक कोपरा जरी आधी वर आला तरी लगदा दुसरीकडे घरंगळतो.

*ताव मधे फुगीर, कडेला पातळ.* जाळी सैल आहे. मच्छरदाणीची जाळी ओली झाली की झोळी पडते. लाकडी चौकटीवर ती ओली करून ताणा आणि मगच खिळे किंवा स्टेपल मारा. बोटानं टिचकी मारल्यावर ती डफासारखी वाजली पाहिजे.

*लगद्याचे गोळे दिसतात.* टबात लगदा जास्त झाला आहे. पाणी वाढवा. जाड ताव हवा म्हणून लगदा घट्ट करायचा, ही माझी सगळ्यात जुनी चूक. घट्ट लगद्यात तंतूंना पसरायला जागाच मिळत नाही. जाडी वाढवायची असेल तर साच्याला उंच चौकट लावा, म्हणजे पाणी जास्त मावेल, किंवा दोन पातळ ओले ताव एकावर एक टेकवून दाबा. वाळल्यावर ते एकच होतात, सांधा दिसतही नाही. उलट प्रत्येक तावाबरोबर टबातला लगदा कमी होत जातो, तेव्हा दर तीन-चार तावांनंतर एखादं भांडं नवा लगदा घाला, नाहीतर विसावं कार्ड पहिल्याच्या निम्मं जाड होतं.

*ताव कापडावर उतरताना फाटतो.* साचा वर आला की पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलका झोका द्या, म्हणजे तंतू दोन्ही दिशांना विणले जातात. पाण्याची चमक जायला लागली की झोका थांबवा. त्यानंतर हलवलं तर नुकतीच बसलेली वीण सुटते. मग धार बंद होऊन थेंब पडेपर्यंत साचा तिरका धरा, ओल्या सुती कापडावर उलटा टेकवा आणि जाळीच्या पाठीवरून स्पंजनं पाणी टिपून घ्या. पाच-सहा वेळा स्पंज पिळा. एका कडेपासून हळू उचलायला लागा. ताव सोबत येतोय असं वाटलं तर साचा परत टेकवून आणखी टिपा. खाली टॉवेल घेऊ नका, त्याच्या फासांत लगदा अडकतो. जुनं धोतर किंवा मांजरपाट सगळ्यात चांगलं. जाळी दर काही तावांनी धुवा. बुजलेल्या भोकांच्या जागी तावात खिडक्या पडतात.

वाळताना वाकतो

ऊन दिसलं की ताव उन्हात टाकावासा वाटतो. त्यामुळे वरची बाजू आधी आखडते आणि कागद वाकतो. आधी कापडासकट दोन फळ्यांमध्ये ठेवून वर दळणाचा भरलेला डबा ठेवा, तासाभरात बरंच पाणी निघतं. मग ताव कापडावरच सावलीत, पंख्याखाली ठेवा. थोडा दमट असतानाच कापडावरून सोडवा आणि रद्दी कागदांच्या थरांत घालून पुन्हा वजनाखाली ठेवा. थर रोज बदला. दुसरा मार्ग म्हणजे ओला ताव खिडकीच्या स्वच्छ काचेवर किंवा स्वयंपाकघरातल्या टाईलवर चिकटवून द्यायचा. वाळला की आपोआप सुटतो, आणि काचेकडची बाजू छान गुळगुळीत होते.

पावसाळ्यात मी हे काम काढत नाही. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये ताव तीन दिवस ओला राहतो आणि त्यावर काळे ठिपके धरतात. करायचंच असेल तर एका वेळी पाच-सहाच ताव काढा.

शाई पसरते

या एका चुकीमुळे कितीतरी जण हातकागद सोडून देतात, आणि उपाय तर आपल्या जुन्या कागदी, म्हणजे कागद करणाऱ्या, लोकांना पाठच होता. ताज्या हातकागदावर काहीच लेप नसतो, म्हणून तो टीपकागदासारखा शाई पितो. जुन्नर किंवा दौलताबादजवळचं कागजीपुरा अशा गावांत कागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडानं घोटत. अशा घोटीव कागदावरून बोरू अडखळत नाही आणि मोडीची लांबलचक ओळ एका दमात लिहिता येते.

घरी हेच करा. दोन चहाचे चमचे अरारूट कपभर गार पाण्यात कालवा, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गार करून गाळा. पूर्ण वाळलेल्या तावाला रुंद मऊ ब्रशनं दोन्ही बाजूंनी पातळ हात द्या, दोरीवर चिमट्यानं लावून वाळवा. मग काचेच्या बाटलीचं बूड, मोठी कवडी किंवा नदीतला गुळगुळीत गोटा घेऊन सपाट पाटावर घोटा. पाच मिनिटांत हाताला फरक कळतो. ताव अजून दमट असताना खळ लावली तर तो तिथेच सोलतो, म्हणून दोन-तीन दिवस थांबा.

खळीत तुरटी घालावी असं बरेच जण सांगतात. तुरटीनं खळ टिकते, पण ती आम्लधर्मी असते आणि काही वर्षांत कागद ठिसूळ करते. संक्रांतीच्या कार्डाला चिमूटभर चालेल, भिंतीवर लावायच्या चित्राला नको. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, ते विष आहे. मुलं हाताळणार त्या कार्डात ते घालू नका.

पाकळ्या, रंग, बिया

गुलाबाच्या पाकळ्या तावात तपकिरी होतात आणि जास्वंदीचा रंग आजूबाजूला उतरतो. बोगनवेल आणि झेंडू बऱ्यापैकी टिकतात, कांद्याची सालं तर फारच देखणी दिसतात. काहीही घाला, पण आठवडाभर पुस्तकात दाबून कोरडं करून घाला. ओल्या पाकळीभोवती बुरशी धरते.

बिटाचा गुलाबी रंग महिनाभरात मळकट होतो. हळदीचा पिवळा उजेडानं उडतो आणि साबणाचा हात लागला तर लाल डाग पडतो. टिकाऊ रंग हवा तर कांद्याच्या सालांचं पाणी किंवा चहाचं पाणी वापरा. पतंगाचा कागद लगद्यात घालू नका, त्याचा रंग प्रत्येक नव्या पाण्यात सुटत राहतो.

बियांचं कार्ड करताना बिया मिक्सरमध्ये गेल्या तर त्या मेल्याच. टबातही घालू नका. ओल्या तावावर वरून पेरा आणि पातळ लगद्याचा हात फिरवा. झेंडू किंवा राई चांगली. सब्जा आणि तुळस पाण्यात बुळबुळीत होऊन फुगतात आणि ताव तिथे सुटतो. हा ताव एका दिवसात वाळलाच पाहिजे, नाहीतर तुमच्या घरीच कोंब फुटतात. आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिकेतल्या नातेवाइकांना बियांचं कार्ड पाठवू नका. तिथे बियाणं आत आणण्यावर कडक नियम आहेत, पाकीट अडवलं जातं. त्यांच्यासाठी साधा ताव ठेवा.

शेवटचा हात

घडी थेट बोटानं घालू नका. पट्टी ठेवून संपलेल्या बॉलपेनानं रेघ दाबा, मग दुमडा. कडा कात्रीनं कापल्या तर हातकागदाचं रूपच जातं. ओल्या ब्रशनं रेघ ओढून पट्टीला धरून फाडा. चिकटवायला पातळ गोंद घेतला तर कार्डाला लाटा येतात, गोंदाची कांडी किंवा घट्ट खळ बरी. पाकळ्यांचा ताव लेझर प्रिंटरमध्ये घालू नका. आतली उष्णता आणि सुटे तंतू मिळून यंत्र बिघडतं. लाकडी ठशांनी किंवा हातानं लिहिलेली दोन वाक्यं या कागदावर जास्त खुलतात. खाकी तावावर पांढऱ्या पोस्टर रंगानं वारली पद्धतीची माणसं आमच्याकडची मुलं सहज काढतात, आणि रंग फार पातळ केला नाही तर तो पसरतही नाही.

हलव्याची पुडी कार्डाला चिकटवण्याआधी बटर पेपरमध्ये बांधा. हलवा ओलावा धरतो आणि साखर कागदात उतरते.

उरलेला लगदा मोरीत ओतू नका. पाइपात तो साचून सिमेंटसारखा घट्ट होतो. आमच्या खालच्या मजल्यावर एकदा त्यामुळे पाणी तुंबलं होतं. टबातलं पाणी कापडातून गाळून झाडांना घाला. गाळलेला लगदा पिळून लाडवाएवढे गोळे करा आणि खडखडीत वाळवून डब्यात भरून ठेवा. पुढच्या वर्षी ते रात्रभर भिजवले की अर्धं काम झालेलं असतं.