मुलांच्या डीएनएला इजा करणारे घटक घरातून कमी कसे करावेत
लाकूड, गोवऱ्या किंवा तंबाखू जळताना बेंझोपायरीनसारखी संयुगे तयार होतात. शरीरात गेल्यावर त्यांपासून डीएनएला चिकटणारे पदार्थ बनतात आणि ही संयुगे गर्भाला पोसणारी वार ओलांडून गर्भापर्यंतही पोहोचत असल्यामुळे काळजी मूल जन्माला येण्याआधीच सुरू करावी लागते. गरोदर स्त्रीला आणि लहान मुलांना चुलीच्या धुरापासून दूर ठेवावे. स्वयंपाक गॅसवर होत असला तरी आंघोळीचे पाणी बंबात तापत असेल, तर तो उघड्यावर ठेवावा आणि पेटवताना त्यात प्लास्टिक मुळीच घालू नये. खिडकीशी उभे राहून विडी ओढणे हा उपाय नव्हे. मिश्रीला आपल्याकडे अनेकदा व्यसन मानलेच जात नाही, पण तीही भाजलेली तंबाखूच असल्याने गरोदरपणात पूर्ण बंद करावी.

शेंगदाण्यांकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. दमट जागी साठवलेल्या दाण्यांवरील बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते आणि ते यकृतातील पेशींच्या डीएनएला इजा करते. भाजल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही, म्हणून कूट करण्यापूर्वी दाणे ताटात पसरून सुरकुतलेले, काळपट, बुरशी आलेले दाणे वेचून फेकावेत. कडू लागलेला दाणा थुंकून टाकण्याची सवय मुलांना लावावी.

डीएनए नीट घडण्यासाठी फोलेट हे ब-जीवनसत्त्व लागते; फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचेच गोळीतले रूप. त्यामुळे गर्भधारणेचा विचार असल्यापासूनच डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यावे, आणि मुलांच्या जेवणात पालेभाज्या व डाळी असाव्यात. सीटी स्कॅनमधील क्ष-किरणही डीएनएला इजा करू शकतात; तरी मुलाला तो सांगितल्यास घाबरून टाळू नये, मात्र सोनोग्राफीने भागेल का, हे जरूर विचारावे.