नव्या गाडीत टायर प्रेशरचे सेन्सर कसे जुळवावेत

टायर बदलून घरी आलात आणि डॅशबोर्डवर नालेच्या आकाराचा, मध्ये उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा दिसला, तर तो कसा पेटलाय ते आधी बघा. नुसताच पेटून राहिला असेल तर हवा कमी आहे. गाडी चालू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर गाडीला एखादा सेन्सर सापडत नाहीये. मग कितीही हवा भरा, दिवा जाणार नाही.

आता गाडीत सेन्सर आहेत का ते ठरवा. क्रेटासारखे चारही चाकांचे वेगवेगळे आकडे स्क्रीनवर येत असतील, तर प्रत्येक चाकात व्हॉल्व्हच्या मुळाशी सेन्सर आहे. टायगून, कुशाक यांच्या चाकांत मात्र काहीच नसतं. हवा कमी झालेलं चाक जरा जास्त फेरे घेतं, त्यावरून गाडी अंदाज बांधते. तिथे हवा नीट भरायची आणि मेनूतून रीसेट करायचं, काम संपलं.

सेन्सर असतील तर नवा घेताना फ्रिक्वेन्सी, म्हणजे तो गाडीला ज्यावर रेडिओ संदेश पाठवतो ती, तपासा. अमेरिकेतून कुणी येतंय म्हणून तिथून मागवू नका. तिकडच्या पुष्कळ गाड्यांना ३१५ मेगाहर्ट्झ लागते, आपल्याकडे ४३३ चालते. आतली बॅटरी बदलता येत नाही, ती साधारण ५ ते १० वर्षं टिकते. त्यामुळे एक सेन्सर वयोमानाने गेला असेल, तर चारही एकदम बदललेले बरे.

टायर चढवण्याआधी एक काम न विसरता करा. सेन्सरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या डबीवर बारीक अक्षरांत आयडी छापलेला असतो, बहुधा आठ आकडे-अक्षरांचा. त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि कोणतं चाक तेही लिहून ठेवा. मी पहिल्या वेळी हे केलं नाही आणि आयडी वाचण्यासाठी टायर पुन्हा रिमवरून उतरवावा लागला.

कोरा, म्हणजे कुठल्याही गाडीला जुळवता येणारा युनिव्हर्सल सेन्सर असेल तर टूलमध्ये (सेन्सर वाचायचं आणि प्रोग्रॅम करायचं हातात धरायचं यंत्र) गाडीचं मॉडेल आणि वर्ष निवडून आधी तो प्रोग्रॅम करा. त्या वेळी बाकीचे सेन्सर लांब ठेवा, नाहीतर टूल भलत्यालाच पकडतं. जुन्याचा आयडी वाचता येत असेल तर तोच नव्यात उतरवून घ्या, मग गाडीला काही शिकवावं लागत नाही.

नवा आयडी असेल तर तो गाडीच्या कानावर घालावा लागतो. काही गाड्या थोडं अंतर चालवल्यावर आपोआप ओळखतात. काहींना स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरला यंत्र जोडायची खाच) टूल जोडून सगळे आयडी भरावे लागतात. काहींत लर्न मोड, म्हणजे गाडीने नवे सेन्सर शिकायची अवस्था, चालू करून प्रत्येक चाकाच्या व्हॉल्व्हजवळ टूल धरायचं असतं, सहसा पुढच्या डाव्या चाकापासून घड्याळाच्या दिशेने. आपल्या गाडीची पद्धत कोणती, ते मॅन्युअलमध्ये पाहा.

शेवटी दाराच्या चौकटीवर लिहिलेली हवा थंड टायरमध्ये भरा, एका चाकातली ३-४ पीएसआय सोडा आणि थोडी गाडी फिरवून आणा. त्याच चाकाचा आकडा उतरला तर जुळणी बरोबर. दुसऱ्याचाच उतरला तर जागा अदलाबदल झाल्यात, तेव्हा फोटो उघडून आयडी पुन्हा भरा. पुढे पंक्चर काढायला गेलात की टायर रिमवरून उतरवण्याआधीच सांगा: व्हॉल्व्हपाशी लिव्हर घालू नका, आत सेन्सर आहे.