चष्मा, लेन्स की लेसर: नंबराआधी काय बघायचं

नंबर कमी असेल तर चष्मा, मध्यम असेल तर लेन्स आणि जास्त असेल तर लेसर, असा हिशेब अनेकांच्या डोक्यात असतो. तो सोडून द्या. -२ नंबरवाल्याला लेसर नाकारावं लागतं आणि -७ वाल्याला ते चालून जातं, असं होऊ शकतं. निवड तीन गोष्टींवर ठरते: कॉर्निया (डोळ्याच्या पुढचा पारदर्शक थर) किती जाड आणि कसा आहे, डोळ्यात ओलावा पुरेसा आहे का, आणि तुमचा दिवस कसा जातो.

त्यासाठी पहिली तपासणी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे करा. दुकानातल्या कॉम्प्युटरवर येणारा आकडा ही फक्त सुरुवात असते. तरुण डोळा यंत्रात बघताना ताण घेतो आणि मायनस नंबर असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर खरा नंबर कळतो आणि मागचा पडदाही तपासता येतो. थेंबांमुळे काही तास जवळचं धूसर दिसतं, ऊन खुपतं, म्हणून त्या दिवशी दुचाकी नेऊ नका. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जेजे या चारही सरकारी-पालिका रुग्णालयांत नेत्रविभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा.

चष्मा प्रत्येकाकडे हवाच. लेन्स वापरणाऱ्याकडे तर नक्की, कारण डोळा लाल झाला की लेन्स बंद करावी लागते. -२ पर्यंत साधी १.५० किंवा १.५६ इंडेक्सची काच पुरते (इंडेक्स जितका मोठा, तितकी काच पातळ). -४ च्या आसपास १.६० आणि -६ च्या पुढे १.६७ घ्या. फ्रेम लहान आणि गोलसर निवडली तर कडेची जाडी आणखी कमी होते. मुलांसाठी पॉलिकार्बोनेट उत्तम, ते सहसा फुटत नाही. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजूनच चष्मा बनवा. मोठ्या नंबरात ते दोन-तीन मिलिमीटरनी चुकलं तरी डोकं दुखतं. ब्लू कटने (निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेने) डोळ्यांचा थकवा कमी होतो हे सिद्ध झालेलं नाही, त्यावर जादा पैसे घालू नका. एसी लोकलमधून उतरताच काचा धुरकटतात, कारण गार काचेवर दमट हवेतली वाफ जमते. शर्टाच्या टोकाने पुसलंत तर काचेवरची धूळ कोटिंगवर ओरखडे काढते. आधी पाण्याने धुवा, मग मऊ कापडाने टिपा.

लेन्स अंगवळणी पडते, पण शिस्त सुटली की महागात पडते, आणि मुंबईत ती सुटायला कारणं भरपूर. चष्म्याचा नंबर जसाच्या तसा लेन्सला चालत नाही: -४ च्या पुढे तो कमी करावा लागतो. चष्म्याचा -६ लेन्समध्ये साधारण -५.५० होतो. आठवड्यातून दोन-तीन दिवसच घालायची असेल तर रोज फेकायची लेन्स घ्या.

हात साध्या साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. मिरच्या चिरल्या असतील तर त्या दिवशी लेन्स नकोच, तिखट एका धुण्याने जात नाही. रोज उजव्या डोळ्यापासून सुरुवात करा, म्हणजे अदलाबदल होत नाही. बोटावर लेन्स वाटीसारखी दिसली तर बाजू बरोबर, कडा बशीसारख्या बाहेर वळल्या तर उलटी. काढल्यावर तळहातावर सोल्युशन घेऊन हलकं चोळा, मगच डबीत ठेवा. कालच्या सोल्युशनमध्ये भर घालू नका, जुनं पूर्ण ओतून द्या. डबी सोल्युशनने विसळून पालथी सुकवा, पण बाथरूममध्ये नको: पावसाळ्यात तिथे काही सुकत नाही. दर तीन महिन्यांनी डबी बदला.

लेन्सला पाणी लागता कामा नये, नळाचं, फिल्टरचं किंवा पोहण्याच्या तलावाचंही. पाण्यातला अकॅन्थअमीबा हा सूक्ष्म जीव कॉर्नियात शिरला तर महिनोन्‌महिने उपचार चालतात आणि कधी कधी नजर जाते. तुंबलेलं पाणी डोळ्यात उडालं तर लेन्स काढून फेका. विरार किंवा कल्याणच्या गाडीत डुलकी लागते तीही धोक्याचीच, कारण मिटलेल्या डोळ्यात लेन्सखाली प्राणवायू कमी पोचतो. जाग आल्यावर कोरडी लेन्स ओढू नका, लेन्सवर चालणारे ओलाव्याचे थेंब घालून थोडं थांबा. डोळे आल्यावर लेन्स बंद, आणि तेव्हा वापरलेली लेन्स व डबी पुन्हा वापरू नका. पण डोळा दुखतोय आणि उजेड सहन होत नाही, असं असेल तर लेन्स काढून डबीसकट त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, त्यातून जंतू शोधता येतो. मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका. कॉर्नियावर जंतूंची जखम असेल तर ते संसर्ग वाढवतात.

लेसरसाठी वय १८ पूर्ण हवं आणि वर्षभरात नंबर ०.५० पेक्षा जास्त बदललेला नसावा. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना थांबा. मापं घेण्याआधी सॉफ्ट लेन्स निदान एक-दोन आठवडे बंद ठेवा. तिने कॉर्नियाचा आकार बदलतो आणि मोजमाप चुकतं.

जाडीचा हिशेब घरी मांडता येईल. कॉर्निया साधारण ५४० मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). लॅसिक या नेहमीच्या लेसर पद्धतीत वरची चकती ११० मायक्रॉनची, आणि एका नंबरामागे सुमारे १४ मायक्रॉन घासले जातात. -६ ला ८४ गेले, खाली ३४६ उरले: ठीक. कॉर्निया ४९० आणि नंबर -८ असेल तर उरतात २६८. किमान मर्यादा २५० ची, पण बरेच सर्जन २८० ते ३०० च्या खाली उतरत नाहीत. कॉर्निया पातळ असेल, तर चकती न काढता पृष्ठभागावर केलेली पीआरके सुचवतात: दुखणं तीन-चार दिवस, नजर सावकाश येते. नंबर मोठा असेल तर आयसीएल, म्हणजे डोळ्याच्या आत बसवायची लेन्स. सगळ्यांत आधी टोपोग्राफीत (कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणाऱ्या तपासणीत) केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया शंकूसारखा होण्याचा आजार, नाही याची खात्री हवी. तो असताना लेसर केलं तर कॉर्निया आणखी पुढे येतो. ॲलर्जीने सतत डोळे चोळणाऱ्यांनी ही तपासणी अजिबात टाळू नये.

चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागतोच, लेसरने ते थांबत नाही. मायनसमुळे मागच्या पडद्याला असलेला धोकाही तसाच राहतो. लख्ख चमक, अचानक काळे ठिपके किंवा पडदा आल्यासारखं वाटलं तर लगेच दाखवा. नंबर ७.५ पेक्षा कमी असेल तर लेसरचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही. रेल्वेत लोको पायलट व्हायचं असेल तर लेसर करू नका, त्या पदाला ते चालत नाही.

शस्त्रक्रियेआधीचा नंबर, कॉर्नियाची वक्रता आणि जाडी यांचा कागद मागून घ्या आणि घरच्या फाइलमध्ये जपा. पुढे मोतीबिंदूच्या वेळी आतल्या लेन्सचा नंबर काढताना लेसर झालेल्या डोळ्यात नेहमीचं सूत्र चुकतं, आणि काचबिंदूच्या तपासणीत डोळ्याचा दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. तेव्हा डॉक्टरांना हेच आकडे लागतात.