कर्नल अपडेट केला आणि एसएसडी रांगायला लागली? आधी हे बघा

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत लिनक्स वापरणारे दोघं-तिघं आहेत आणि अपडेटनंतर मशीन स्लो झालं की सगळे आल्या आल्या कर्नललाच (लिनक्सचा गाभा) शिव्या घालतात. अरे पण आधी गुन्हा सिद्ध तर करा! उबुंटू, डेबियन वगैरे जुना कर्नल लगेच उडवत नाहीत, बूट होताना शिफ्ट नाहीतर एस्केप दाबून ग्रबमधे (सुरुवातीचा बूट मेनू) 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून जुना कर्नल निवडा आणि दोन्हीकडे एचडीपार्म डॅश टी (टी छोटा) ही डिस्कचा वाचायचा वेग मोजणारी एकच टेस्ट चालवा. मोठी फाईल कॉपी करून स्पीड मोजत बसू नका, दुसऱ्या वेळी ती रॅममधल्या कॅशेतून येते आणि आकडा उगाच भारी दिसतो. चांगल्या साटा (केबलने जोडलेल्या) एसएसडीला सेकंदाला 500 एमबीच्या आसपास मिळायला हवेत. आणि हो, अपडेट झाल्या झाल्या मोजू नका, मागे इंडेक्सिंग वगैरे चालू असतं, आयओटॉपमधे (कोणता प्रोग्रॅम डिस्क वापरतोय ते दाखवतो) बघून घ्या.

दोन्ही कर्नलवर स्लो असेल तर कर्नल सुटला, मग डीमेसेगमधे (कर्नलच्या नोंदी) 'साटा लिंक अप' ची ओळ शोधा. 6.0 जीबीपीएस हवं. तिथे 3.0 किंवा 1.5 दिसत असेल तर एरर येतायत म्हणून लिंकचा स्पीड उतरवला गेला असण्याची दाट शक्यता, आणि 1.5 वर कितीही महागडी ड्राइव्ह लावा, 150 एमबीच्या वर जाणार नाही. स्मार्टसीटीएलमधे (ड्राइव्हची तब्येत दाखवणारी कमांड) यूडीएमए सीआरसी एररचा, म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुकांचा आकडा बघा, तो शून्यावर परत येत नाही त्यामुळे नुसता मोठा आहे म्हणून घाबरू नका, रोज वाढतोय का ते महत्त्वाचं. वाढत असेल तर मशीन बंद करून केबल काढा, टोकाच्या पट्ट्या काळवंडल्यात का बघा (आपल्याकडची खाडीची दमट हवा!) आणि सरळ नवीन केबल टाका. इथे दुकानदार नवी एसएसडीच गळ्यात मारायला बघतात, ऐकू नका.

लिंक ठीक असेल तर ट्रिम, म्हणजे डिलीट केलेली जागा मोकळी झाली हे एसएसडीला कळवणं. एफएसट्रिम डॅश व्ही स्लॅश, रूटने चालवा, आणि त्याचा टायमर चालू आहे का तेही बघा. डिस्क लक्सने (लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन) एन्क्रिप्ट केली असेल तर ट्रिम आपोआप खालपर्यंत जात नाही, क्रिप्टटॅबमधे डिस्कार्ड लिहावं लागतं. डिस्क 95 टक्के भरलेली असेल तर आधी थोडी जागा मोकळी करा, मग ट्रिम चालवून परत मोजा.

फक्त नव्या कर्नलवर स्लो असेल तर शेड्युलर (डिस्कची कामं कुठल्या क्रमाने करायची ते ठरवणारा) बघा. 2019 च्या 5.0 कर्नलमधे नूप, डेडलाइन, सीएफक्यू हे जुने शेड्युलर काढून टाकले, म्हणजे कधीकाळी कुणाचं वाचून ग्रबमधे एलिव्हेटर म्हणून जे टाकलं होतं ते आता नुसतं शोभेला आहे. सिस-ब्लॉकमधे ड्राइव्हच्या क्यू फोल्डरातली शेड्युलर फाईल उघडा, चौकोनी कंसात असेल तो चालू. साटाला एमक्यू-डेडलाइन, एनव्हीएमईला (थेट मदरबोर्डवर बसणारी एसएसडी) नन. बीएफक्यू हा शेड्युलर असेल तर बदलून मोजा.

ड्राइव्हचा फर्मवेअर अपडेट करायचा झालाच तर बॅकअप घेऊन करा आणि शुक्रवारी तर नकोच, लाइट कधी जाईल नेम नाही. एवढं करूनही दोष नव्या कर्नलचाच निघाला तर दोन्ही कर्नलचे डीमेसेग जोडून डिस्ट्रोकडे (उबुंटू, डेबियन वगैरे) बग टाका आणि सुधारणा येईपर्यंत जुन्यावर बूट करत राहा, तेवढ्या दिवसांत नव्या कर्नलचे सिक्युरिटी पॅच मिळत नाहीत तेवढं बघा.